लॅपटॉपला ओसरी

आमच्या भाच्याने माझ्या लॅपटॉपच्या पोटात दुसरा एक लॅपटॉप बसवून दिला आहे. "मामा, यापुढे इंटरनेटवर जे काही बघायचं ते ह्या आतल्यात बघायचं. बाहेरच्यात नाही," असं त्याने बजावलं. मी म्हटलं, "अरे, पण आतला म्हणजे कुठला? मला तर एकच दिसतोय." तो म्हणाला, "आतला खरा नाहीच आहे. पण त्याला ते ठाऊक नाही."

एकतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला हे वाक्य जड जाऊ नये. आपण खरे नाही हे ठाऊक नसलेलं असं बरंच काही मी तिथे पाहिलं आहे. त्यातले दोघेतिघे तर माझे साहेबच होते.

हा उपद्व्याप का करावा लागला ते आधी सांगतो. मागच्या पावसाळ्यात मला वीजबिलाच्या नावाने एक मेल आला. थकबाकी भरली नाहीत तर आज रात्री साडेनऊला वीज तोडू, तपशील सोबतच्या कागदात. मी आयुष्यात एकदाही बिल उशिरा भरलेलं नाही. त्यामुळे अपमान वाटून मी तो कागद तातडीने उघडला. (ज्याने खरोखर बिलं थकवली आहेत तो असल्या मेलला भीक घालत नाही. फसतात ती वेळेवर बिलं भरणारी माणसं.) कागदात वाचण्यासारखं काही नव्हतं. तासाभराने माझ्या एकेका फायलीच्या नावाला चमत्कारिक शेपूट फुटू लागलं आणि शेपूट फुटलेली फाइल उघडेना. शेवटी पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी आली : पैसे भरा, किल्ली देतो.

फायली काय, कुणाच्याही असतात तशाच होत्या. पण त्यांत वडिलांच्या डायऱ्या होत्या. वडील वाईला शिक्षक होते आणि सव्वीस वर्षं रोज अर्धं पान लिहीत. कृष्णेला पाणी किती चढलं, ज्वारी काय भावाने घेतली, कुणाच्या मुलाला मुंज मानवली नाही, असलं सगळं. वह्यांना वाळवी लागली म्हणून मी दोन हिवाळे खपून पानन् पान स्कॅन केलं आणि मग, हे लिहिताना अजून हात अडतो, वह्या रद्दीत घातल्या. "राहू द्या की माळ्यावर," असं ही तेव्हा म्हणाली होती. त्यानंतर ती त्याबद्दल एक अक्षर बोललेली नाही, हे जास्त वाईट. त्रेचाळीस पानं मी छापून बहिणीला पाठवली होती, तेवढी वाचली. बाकीची आहेत, कुठे गेलेली नाहीत. एका डिस्कवर जागच्या जागी पडून आहेत, फक्त कुलपात.

तर भाच्याचं म्हणणं असं की तुमच्या लॅपटॉपला ओसरी नव्हती. हा शब्द त्याचा नव्हे, माझा. तो 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतो. पण जुन्या घराला ओसरी कशासाठी असायची? पोस्टमन, विमा एजंट, देणगीवाले, वाट चुकलेला वऱ्हाडी, जो येईल त्याला तिथे बसवायचं. पाणी विचारायचं, चहाही द्यायचा. माजघरात मात्र न्यायचं नाही. माझ्या लॅपटॉपात ब्राउझर उघडला की जगातला कोणीही चपला घालून थेट देवघरात. आता लॅपटॉपात एक खोटं यंत्र उभं केलं आहे, त्याची स्मृती वेगळी, डिस्क वेगळी, आणि ती डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक गलेलठ्ठ फाइल. इंटरनेटवरचा पाहुणा त्या खोट्यात उतरतो. त्याने तिथे कितीही धिंगाणा घातला तरी तो त्या एका फायलीच्या चार भिंतींत. रात्री ती फाइल कालच्या स्थितीवर आणून ठेवली की पाहुणाही गेला आणि त्याने सांडलेलंही पुसलं गेलं.

कल्पना मला इतकी आवडली की ही ओसरी पहिल्यांदा काढली कुणी, हे शोधायचा चाळा लागला. उत्तर गमतीचं निघालं. ती चोरांसाठी काढलेलीच नव्हती. भाडेकरूंसाठी काढलेली होती.

१९६४ साल. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी आयबीएमने नुकतंच एक छोटं संशोधन केंद्र उघडलं होतं. एमआयटी या विख्यात संस्थेचं संगणकाचं काम चाले त्याच इमारतीत. शेजार असा जवळचा, आणि त्याच वर्षी एमआयटीने आपल्या नव्या प्रकल्पाचं यंत्र आयबीएमकडून न घेता जनरल इलेक्ट्रिककडून घ्यायचं ठरवलं. जिन्यात भेटल्यावर एकमेकांकडे बघायचं कसं, असा प्रसंग. ह्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी नावाचे गृहस्थ होते. ते आधी एमआयटीतच होते. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, ह्या तिथल्या गाजलेल्या प्रयोगात त्यांनी काम केलं होतं. संगणक तेव्हा खोलीभर असे आणि त्याची किंमत विचारायची सोय नसे. तेव्हा वाटून घेण्याला पर्याय नव्हता. प्रश्न होता वाटायचा कसा?

नाताळ आणि वर्षअखेर यांच्या मधल्या त्या सुस्त आठवड्यात आर्लिंग्टनहून केंब्रिजला बसने येताना क्रीझींनी ठरवलं की यंत्र वाटायचंच नाही. प्रत्येकाला एकेक अख्खं यंत्र द्यायचं! आपल्या आठवणीप्रमाणे तो मंगळवार असावा, असं त्यांनी पुढे सांगून ठेवलं आहे. मला ह्या बसचं फार कौतुक वाटतं. मीही जन्मभर बसने कचेरीत गेलो, पण कंडक्टरकडून सुटे पैसे कसे परत मिळवावेत यापलीकडे विचार कधी गेला नाही.

अख्खं यंत्र द्यायचं म्हणजे अर्थात खोटं. माझं बालपण पुण्यात मामांकडे, नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. चौदा बिऱ्हाडं, एक नळ, एक मालक. क्रीझी आणि त्यांचे सहकारी लेस कोमो यांनी ज्या सीपी-४० ची जुळवाजुळव केली तिच्यातही जास्तीत जास्त चौदा बिऱ्हाडं राहू शकत, हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. फरक इतकाच की आमच्या वाड्यात प्रत्येकाला दुसऱ्या तेरांचा त्रास पुरेपूर जाणवे. इथे प्रत्येक बिऱ्हाडाला वाटे की अख्खा वाडा आपल्या एकट्याचा आहे. प्रत्येकाला २५६ किलोबाइट स्मृती. आज फोनवर काढलेला एखादा फोटोही ह्याहून मोठा असतो. पण त्या काळी ती दौलत होती. जानेवारी १९६७ मध्ये हा वाडा नांदता झाला. सुरुवातीला ह्या बिऱ्हाडांना 'स्यूडो मशीन' म्हणजे सरळसरळ तोतया यंत्र म्हणत. आयबीएमच्याच यॉर्कटाउनच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या एका प्रकल्पात 'व्हर्च्युअल मशीन' असा भारदस्त शब्द वापरात होता, तो मग यांनी उचलला. तोतयाला बारशात चांगलं नाव मिळालं की तो टिकतो, हे पेशवाईच्या इतिहासात आपणही पाहिलं आहे.

ही फसवणूक चालते कशी, हे भाच्याने मला तीनदा समजावलं. चौथ्यांदा मीच त्याला माझ्या भाषेत समजावलं तेव्हा तो "हां, तसंच" म्हणाला. यंत्राला दिले जाणारे हुकूम दोन जातींचे. बेरीज कर, वजाबाकी कर, हे साधे हुकूम. ते कोणीही द्यावेत. डिस्क फिरव, स्मृतीची वाटणी बदल, हे मालकी हुकूम. ते फक्त मालकाने द्यावेत. बिऱ्हाडकरूने मालकी हुकूम दिला की यंत्र तो पाळत नाही, थबकतं आणि मालकाला कळवतं. मालक म्हणजे सगळ्यांच्या वर बसलेला नियंत्रक प्रोग्रॅम. तो बघतो की स्वारीला डिस्क फिरवायची आहे. मग तिच्या वाट्याची तेवढीच डिस्क फिरवून तो "झालं हो" असं कळवतो. बिऱ्हाडकरूला वाटतं, आपणच फिरवली. आमच्या कचेरीत मोठ्या साहेबांची सही आणि धाकट्या साहेबांचा रुबाब यांत हाच व्यवहार होता. फक्त तो लेखी नव्हता.

२ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने ही विद्या व्हीएम/३७० ह्या नावाने रीतसर जाहीर केली. तिचा वंश झेड/व्हीएम म्हणून आजही चालू आहे.

इथवर चोराचा पत्ता नाही. तो आला १९७३ साली. एमआयटीचे स्टुअर्ट मॅडनिक आणि जॉन डॉनोव्हन ह्या दोघांनी एका निबंधात मांडलं की ही वाडापद्धत सुरक्षिततेसाठीही बरी. कारण चोराला आधी बिऱ्हाडाचं दार फोडावं लागेल आणि मग मालकाचंही. आणि दोन वेगळ्या सुतारांनी केलेली दोन्ही दारं एकाच वेळी एकाच ठिकाणी कच्ची निघणं अवघड. म्हणणं पटण्यासारखं होतं. पण आयबीएममधल्याच काही मंडळींनी आपलंच घर फोडून बघायचं ठरवलं. व्हीएम/३७० मध्ये शिरायच्या वाटा पद्धतशीर शोधून त्यांनी १९७६ साली त्या छापून टाकल्या. (स्वतःच्या मालाचे दोष स्वतः छापणारी ही माणसं वेगळ्या मातीची. आमच्याकडे दोष दाखवणाऱ्याची बदली गडचिरोलीला होई.) त्यांना आढळलं की भिंती चांगल्या आहेत. कच्च्या जागा बहुतेक सगळ्या एकाच बाजूला होत्या : माल आत-बाहेर करायची जी यंत्रणा, म्हणजे डिस्क, छपाईयंत्र वगैरेंशी बोलण्याची सोय, तिथे.

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढे दोनदा उपयोगी पडलं.

यानंतर वीस-पंचवीस वर्षं ह्या विद्येला घराबाहेर कोणी विचारेना. कारण उघड होतं. टेबलावर मावणारा संगणक आला आणि ज्याला त्याला आपला बंगला मिळाला. बंगल्यात बिऱ्हाडं कोण ठेवतो? शिवाय ह्या छोट्या संगणकांत जी इंटेलच्या घराण्याची चिप असे तिच्यात एक खोड होती. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग ह्या दोघांनी नियमच घालून दिला होता, की बिऱ्हाडकरूच्या ज्या हुकमांनी मालकीला धक्का लागतो तो प्रत्येक हुकूम मालकाकडे पोहोचलाच पाहिजे. इंटेलच्या चिपमध्ये असे सतरा हुकूम निघाले की जे हा नियम मोडत. त्यांतला एक तर असा, की बिऱ्हाडकरूने तो दिला तर चिप त्याचा महत्त्वाचा भाग पाळतही नसे आणि पाळला नाही म्हणून कोणाला सांगतही नसे. असा एक कारकून आमच्याकडे होता. फाइल दिली की "बरं" म्हणायचा. झालंच!

ह्या कारकुनाला वळणावर आणलं ते स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी. मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांचे विद्यार्थी एदुआर बुन्यों व स्कॉट डिवाइन यांनी १९९७ मध्ये 'डिस्को' नावाचा प्रयोग जाहीर केला. पुढच्याच वर्षी रोझेनब्लम, त्यांच्या पत्नी डायान ग्रीन आणि बाकीचे मिळून व्हीएमवेअर ही कंपनी निघाली, आणि १९९९ मध्ये साध्या टेबलावरच्या संगणकात दुसरा संगणक उभा करणारा त्यांचा प्रोग्रॅम विक्रीला आला. युक्ती अशी की खोट्या यंत्रातले हुकूम चिपपर्यंत जाण्याआधी वाचायचे आणि त्यांतला खोडसाळ हुकूम दिसला की तो बदलून बिनधोक शब्दांत पुढे सरकवायचा. अबोला धरलेल्या दोन भावांमधली शहाणी वहिनी हेच करते. पुढे २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनीही चिपमध्येच सोय केली, आणि वहिनीचा त्रास बराच कमी झाला.

आणि आता माझ्या ओसरीचा जन्म. २००५ च्या अखेरीस व्हीएमवेअरने एक तयार खोटं यंत्र फुकट वाटायला काढलं. आत लिनक्स, त्यात फायरफॉक्स ब्राउझर, बस्स. काम एकच : इंटरनेटवर हिंडून येणं. दर वेळी ते कोरं करून ठेवायचीही सोय होती. म्हणजे बसमध्ये सुचलेल्या गोष्टीला तिचा हा उपयोग सापडायला एक्केचाळीस वर्षं लागली.

ह्या हकीगतीतलं मला सगळ्यांत आवडलेलं माणूस म्हणजे वॉर्साची योआना रुत्कोव्स्का. २००६ साली तिने भरसभेत दाखवून दिलं की ही विद्या चोरालाही येते. चालू असलेला अख्खा खरा संगणक त्याच्या नकळत उचलून खोट्या यंत्रात ठेवायचा आणि स्वतः मालक होऊन बसायचं. बिऱ्हाडकरूला वाटतं वाडा आपलाच. इथे मालकालाच बिऱ्हाडकरू केलं! असं भ्याव दाखवून ती थांबली नाही. २०१० मध्ये तिने 'क्यूब्ज' जाहीर केलं. त्यात संगणकाला एक ओसरी नव्हे, सगळ्या खोल्याच वेगळ्या. बँकेची खोली वेगळी, पत्रव्यवहाराची वेगळी, उनाडक्यांची वेगळी. खोलीगणिक खिडक्यांच्या कडांना वेगळा रंग, म्हणजे आपण कुठे बसलो आहोत ते विसरायला नको. अनोळखी कागद उघडायला एक वापरून फेकायची खोली. कागद वाचला, खिडकी मिटली की खोलीच नाहीशी. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या प्रो वगैरे आवृत्त्यांत अशी एक वापरून फेकायची पेटी दिली. माझ्या वीजबिलाचा कागद अशा खोलीत उघडला असता तर वडिलांची ज्वारी आज वाचता आली असती. असो.

पण म्हणून ओसरीवर निर्धास्त झोपावं का? मे २०१५ मध्ये 'व्हेनम' नावाचं भोक सापडलं. क्यूएमयू नावाचा प्रोग्रॅम खोट्या यंत्रासाठी खोटी उपकरणं पुरवतो, त्यात ते होतं. कुठे म्हणाल? फ्लॉपीच्या ड्राइव्हमध्ये! जगात फ्लॉपी उरली नव्हती. ही तर कधी नव्हतीच. नसलेल्या यंत्राची नसलेली फ्लॉपी. तरी तिचा कोड २००४ पासून तसाच पडून होता, आणि काही ठिकाणी ती बंद ठेवली तरी उपयोग नव्हता. तिच्यातून खोट्या यंत्रातला पाहुणा खऱ्यात येऊ शकत होता. मी वही उघडली. १९७६ : माल आत-बाहेर करायची सोय. बरोबर तीच जागा.

पुढे मार्च २०१७ मध्ये कॅनडात व्हँकूव्हरला घरफोडीच्या खुल्या स्पर्धेत एका चिनी चमूने भर मांडवात हे करून दाखवलं. एक वेब पान उघडलं. त्यावरून ब्राउझर फोडला, त्यातून विंडोज, आणि त्यातून व्हीएमवेअरचं खोटं यंत्र फोडून खऱ्यात. तीन भोकं एकामागे एक ओवली. बक्षीस १,०५,००० डॉलर. भाचा म्हणतो, "मामा, एवढी किमतीची विद्या तुमच्या लॅपटॉपवर कोण वाया घालवेल?" आपल्याला कोणी विचारत नाही याचं इतकं समाधान मला पूर्वी कधी झालं नव्हतं.

वहीतली नोंद दुसऱ्यांदा उपयोगी पडली ती घरातच. एका सकाळी मला आतल्या लॅपटॉपात रेल्वेचं तिकीट मिळालं, पण छपाईयंत्र जोडलेलं बाहेरच्याला. न्यायचं कसं? शोधता शोधता 'सामायिक फोल्डर' नावाची सोय सापडली. खोट्यातला आणि खऱ्यातला एकच कप्पा दोघांना दिसतो. मला वाटलं, काय छान! आणि कप्पा म्हणून मी माझं कागदपत्रांचं फोल्डर अख्खंच्या अख्खं जोडून दिलं, ज्यात ती बहिणीकडून परत मागवून पुन्हा स्कॅन केलेली त्रेचाळीस पानं होती. चिनी चमूला तीन भोकं पाडावी लागली. मी माजघराचं दार स्वतःच्या हाताने उघडलं, आणि तेही काशीच्या तिकिटासाठी! भाच्याने पाहिलं तेव्हा तो पाच मिनिटं बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तुम्हाला चोर लागतच नाही."

त्याने ते फोल्डर तोडलं, दोन्हींमधला क्लिपबोर्डही बंद केला, पानांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवली आणि किल्ली हिच्याकडे दिली. शिवाय एक गोष्ट हजारदा बजावली, की आतल्या लॅपटॉपात बसून मी स्वतःच कुणाला ओटीपी सांगितला किंवा खोट्या बँकेच्या पानावर पासवर्ड भरला तर भिंत काही करू शकत नाही. ओसरीवर बसून पैसे दिले तरी जातात ते आपल्याच खिशातून. हे मात्र मला वाड्यातल्या भिशीपासून ठाऊक होतं.

आता रात्री दहा वाजता आतला लॅपटॉप आपोआप कालच्या स्थितीवर येतो. दिवसभरात कोण आलं, काय सांडलं, सगळं साफ. फार सुखाची झोप लागते. फक्त गेल्या गुरुवारी मी हा लेख लिहायला घेतला तेव्हा क्रीझींची बस वगैरे वाचत आतल्यातच बसलो होतो, आणि वाचता वाचता तिथेच लिहीत गेलो. रात्री साडेनवाच्या सुमारास लेख पूर्ण झाला. हिला वाचून दाखवला. ती चक्क हसली. वडिलांच्या डायरीचा भाग आला तेव्हा उठून आत गेली आणि चहा घेऊन आली. मग आम्ही बातम्या लावल्या.

सव्वादहाला आठवलं.

हा लेख दुसऱ्यांदा लिहिला आहे. ही म्हणते, पहिला जास्त चांगला होता.